पदवीचं पहिलं वर्ष (भाग ५) : बुजरेपणा आणि पन्नास तास

गेल्या आठवड्यात आपण खोली, मेस आणि महिन्याच्या खर्चाचा हिशेब पाहिला. आज ज्या मुलांविषयी लिहितोय, त्यांचा हा सगळा हिशेब जुळलेला असतो. तरीही दिवाळीला घरी आल्यावर ती हळूच म्हणतात, "मला परत जायचं नाही." खोदून विचारलं की कळतं, तीन महिन्यांत तिथं बोलायला कुणी मिळालेलं नाही.

मीही त्यांच्यातलाच. माझ्या इस्लापूरहून कॉलेजचं नांदेड शंभरेक किलोमीटर. किनवट तालुक्यातलं हे गाव. जवळच पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, आणि तेलंगणाची हद्दही फार लांब नाही. या पट्ट्यात कुणाच्या घरी गोरमाटी बोलतात, कुणाच्या घरी गोंडी, कोलामी किंवा तेलुगू. शाळा मराठीत होते आणि बी.एस्सी.चा वर्ग एकदम इंग्रजीत सुरू होतो. गावात कुणालाच स्वतःची ओळख करून द्यावी लागत नाही. किराणा दुकानदारालाही आजोबांचं नाव ठाऊक असतं. नांदेडच्या वर्गात शंभरावर मुलं असतात आणि ओळख उरते ती हजेरी क्रमांकाची. अठरा वर्षांत जे कधी करावंच लागलं नाही, ते पहिल्याच दिवशी उभं राहून, परक्या भाषेत करायचं असतं. आपण ज्याला लाजाळूपणा म्हणतो, त्यातला बराच भाग हा न झालेल्या सवयीचा असतो.

माझा हजेरी क्रमांक ८७ होता. सरांचा आवाज ऐंशीवर आला की माझा घसा कोरडा पडायचा. एकदा वेळेवर आवाजच फुटला नाही आणि गैरहजेरी लागली. तास संपल्यावर सरांपाशी जाऊन ती दुरुस्त करून घेणंही जमलं नाही. दिवसभर वाटत राहिलं, सगळा वर्ग आपल्याचकडे बघतोय.

तसं कुणी बघत नव्हतं, हे पुष्कळ वर्षांनी कळलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला संकोच वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवलं. खोलीतल्या जवळपास निम्म्या जणांनी तो पाहिला असेल, असा टी-शर्ट घातलेल्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात साधारण चौथाई लोकांच्याच तो लक्षात आला होता. २००० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्गातही तेच होतं. तुमची अडखळलेली 'यस सर' तुम्हाला महिनाभर आठवते. शेजारच्याला पुढच्या क्रमांकापर्यंतही नाही, कारण तो स्वतःच्या क्रमांकाची वाट बघत असतो.

पहिल्या सत्रात हरलेल्यांत मोठी माणसंही आहेत. मोहनदास गांधी १८८८ साली भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेले. तिथलं शिकवणं त्यांना झेपेना आणि पहिलं सत्र संपताच ते घरी परतले. शाळेत असताना कुणी बोलायला येईल या धास्तीनं घंटा होताच घराकडे पळणारा हा मुलगा होता.

मग ओळखी होतात कशा? माझी पहिली ओळख ब्युरेटपाशी झाली. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला दोघांत एक स्टँड असायचा. मी खाली फ्लास्क हलवत होतो आणि तो नॉब धरून थेंब सोडत होता. नजर फ्लास्कवर असल्यानं एकमेकांकडे बघावं लागत नव्हतं. "थांब, गुलाबी झालं," मी म्हणालो. आठवडाभरात वर्गसोबत्याशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. वहीत आकडा लिहिताना त्यानं विचारलं, "कुठला रे तू?" "इस्लापूरचा." "म्हणजे सहस्रकुंडाकडचा का?" तेवढ्यावर आमचं जमलं.

याचंही गणित मांडता येतं. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलं की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला एकत्र घालवलेले सुमारे ५० तास लागतात आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. आता आपलं वेळापत्रक घ्या. आठवड्याला दोन-दोन तासांची दोन प्रॅक्टिकल आणि सत्राचे पंधरा आठवडे, म्हणजे ६० तास. एकच जोडीदार आणि एकच टेबल धरून ठेवलं, तर एकही भाषण न करता पन्नास तास भरतात. रोज जागा बदलत शेवटच्या बाकावर बसणाऱ्याचे ते कधीच भरत नाहीत.

कला-वाणिज्यच्या बहुतेक मुलांना प्रॅक्टिकल नसतं. त्यांच्यासाठी एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना आहे. १९६९ पासून चालत आलेल्या या योजनेत वर्षाला १२० तास काम असतं आणि एखाद्या खेड्यात सात दिवसांचं निवासी शिबिरही असतं. बांधाचे दगड वाहताना, पंचवीस जणांच्या पोळ्या लाटताना ओळख आपसूक होते. बुजऱ्या मुलाला 'बोलका हो' असा सल्ला देऊ नये. हातात काम आणि शेजारी माणूस मिळेल अशी जागा दाखवावी. प्राध्यापकांनीही पहिल्या दिवशी सगळ्यांना उभं करून ओळख मागण्यापेक्षा जोड्या लावून द्याव्यात आणि सत्रभर त्या मोडू नयेत.

आईवडिलांनो, फोनवर "मित्र झाले का?" विचारलं की मूल गप्प होतं. "आज प्रॅक्टिकलला सोबत कोण होतं?" असं विचारा, त्याला सांगता येईल असं काहीतरी असेल. पण जेवण तुटलं, झोप उडाली, तासांना जाणंच बंद झालं, तर तो नुसता बुजरेपणा नव्हे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

दुसऱ्या सत्रात एकदा पुन्हा ८७ पुकारला गेला आणि पुन्हा माझा आवाज अडकला. तेवढ्यात शेजारून कुणी तरी म्हणालं, "आहे सर, इथंच बसलाय." ब्युरेटवालाच होता तो.

पुढच्या आठवड्यात : इंग्रजी पुस्तकाचं पहिलं पान कसं उलगडायचं.