फोम आणि प्लायवूडची फिरती खोली

मोटारीच्या मागे जोडून न्यायची आणि रात्री आत झोपायची छोटी खोली, म्हणजे कॅम्पिंग ट्रेलर, अमेरिकेत १९३०च्या दशकापासून हौशी लोक घरच्या घरी बनवीत आले आहेत. आपल्याला ही कल्पना नवी वाटेल. पण राजस्थान-मध्य प्रदेशातील गाडिया लोहारांनी पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडीतच संसार केले. आमचे कन्नड विभागातील मित्र जिला 'बंडी' म्हणतात, तिचाच हा एक अवतार म्हणा.

भोपाळला माझे मामा अशी खोली बांधीत आहेत आणि तिचे कारण आहे आजी. तिला नर्मदा परिक्रमा करायची आहे. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर, आणि प्रदक्षिणा दोन्ही काठांची! वाहनाने परिक्रमा करणारे पुष्कळ असतात. आजीची अडचण दिवसाची नाही, रात्रीची आहे. धर्मशाळेत जमिनीवर पथारी मिळते, आणि तिचे गुडघे असे की खाली बसली की उठवायला दोघे लागतात. आजी ८१ वर्षांची आहे. "पुढच्या वर्षी पाहू" हे वाक्य आमच्या घरात आता कोणी उच्चारीत नाही. गुडघ्याच्या उंचीवर गादी असलेली, जीपला सहज ओढता येईल अशी खोली हवी, एवढाच प्रश्न.

प्रश्न सुटतो तो वजनावर. फळी वाकते तेव्हा तिचा वरचा पृष्ठभाग दाबला जातो व खालचा ताणला जातो. मधल्या भागाला फारसे काम नसते. त्याने दोन्ही पृष्ठभाग एकमेकांपासून दूर धरून ठेवले की झाले. पार्सलच्या खोक्याचा पुठ्ठा पाहा, दोन पातळ कागदांमध्ये नागमोडी कागद. दुसऱ्या महायुद्धातील 'मॉस्किटो' हे विमान (पहिले उड्डाण १९४०) याच तत्त्वावर, बर्चच्या प्लायवूडमध्ये हलके बाल्सा लाकूड घालून बनविले होते. मामांनी बाल्साच्या जागी पॉलिस्टायरीनचा घट्ट फोम घेतला आहे. थर्मोकोलचाच हा भाऊ, पण अधिक टणक.

आता आम्हा कॉमर्सवाल्यांचा आवडता भाग, हिशेब. १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड घेतले तर चौरस मीटरला सुमारे ११ किलो भरते. त्याऐवजी ३ मिलिमीटरच्या दोन प्लाय आणि मध्ये ३० मिलिमीटर फोम घेतला तर सरसासकट सुमारे ५ किलो. आणि गंमत अशी, की कागदावरच्या गणिताने ही हलकी फळी तिपटीहून जास्त ताठ ठरते! (प्रत्यक्षात फोम थोडा सरकतो, म्हणून फायदा जरा कमी.) खोली ८ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट उंच. सगळ्या बाजू मिळून १६० चौरस फूट, म्हणजे प्लायचे १० ताव आणि फोमचे ५. बाजारातला ताव ८ बाय ४चाच असल्याने कापून वाया जाते ते थोडेच. पेटीचे वजन ७५ किलोच्या आसपास. नुसत्या जाड प्लायची केली असती तर १६० ओलांडले असते.

सरस निवडताना मात्र जपावे लागते. ज्या सरसात पेट्रोलसारखे द्रावक असते तो हा फोम चक्क विरघळवून टाकतो. पॉलिएस्टर रेझिनही चालत नाही, इपॉक्सी चालते. बाहेरून मांजरपाट चिकटवून त्यावर पांढऱ्या रंगाचे हात द्यायचे. पाऊस आत शिरत नाही आणि उन्हाचा तावही कमी बसतो. भोपाळचा मे महिना चाळिशीच्या वर जातो, तेव्हा फोमच्या भिंतीचे मोल कळते. पण हा फोम पेटला तर काळा धूर ओकतो, म्हणून स्टोव्ह बाहेरच, आणि हवेसाठी दोन झरोके हवेतच.

खाली लोखंडी सांगाडा, आस, चाके, वर गादी-भांडी धरून एकूण भार २००-२२५ किलोवर जाईल. त्याचा दहावा ते सातवा हिस्सा पुढच्या जोडावर पडला पाहिजे. मागे जास्त भार गेला की ट्रेलर वेगात डोलू लागतो आणि ओढणाऱ्या गाडीलाही ओढत नेतो. म्हणून पाण्याचा पिंप आसाच्या पुढे. शिवाय १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलरचीही नोंदणी लागते. घरी बनविला म्हणून सुटका नाही. मामा ती कागदपत्रे घेऊन हेलपाटे घालीत आहेत.

घरात वाद झाला तो दारावरून. परिक्रमेत नर्मदा नेहमी उजव्या हाताला ठेवायची, म्हणून आजीला दार उजवीकडे हवे. आपली वाहतूक डावीकडून. उजवीकडे दार म्हणजे पाय थेट धावत्या ट्रकांसमोर. शेवटी दार डावीकडे आणि आजीच्या उशाशी उजवीकडे खिडकी, असे ठरले. या फळीला भोक पाडले की तेथे फोम उघडा पडतो आणि फळी दुबळी होते. म्हणून कडेने फोम बोटभर कोरून सागाची पट्टी सरसाने बसवावी लागते. आजीने खिडकीचे माप स्वतः दिले आहे, दोन वीत बाय तीन वीत, वीत तिच्या हाताची.