पडदा लुकलुकतो, पण दोष कुणाचा?

सेकंडहँड डेस्कटॉप घरी आणला, बटण दाबलं आणि पडदा लुकलुकायला लागला, की माणूस थेट नवा मॉनिटर घ्यायला निघतो. जरा थांबा. लुकलुक नेमकी केव्हा होते ते पाहा, त्यावरून दोष कुठे ते कळतं.

आधी सिग्नलची केबल काढून नुसता मॉनिटर चालू करा. ‘नो सिग्नल’ ही पाटीसुद्धा थरथरत असेल, तर बिघाड मॉनिटरमध्येच आहे. जुन्या एलसीडीत बहुधा बॅकलाइट किंवा त्याच्या वीजपुरवठ्यातले कपॅसिटर थकलेले असतात. कपॅसिटरमधला द्रव उष्णतेने वर्षानुवर्षं आटत जातो. असा कपॅसिटर गार असताना जास्त अडखळतो. तापला की चित्र स्थिर होतं. आपल्याला वाटतं, झालं बरं! पण तो आजार बरा झालेला नसतो.

पाटी स्थिर असेल, तर केबल पुन्हा घट्ट बसवा. विंडोज येण्याआधीच लुकलुक असेल, तर केबल बदलून बघा, मग रॅम आणि ग्राफिक्स तपासून घ्या. विंडोज आल्यावरच होत असेल, तर बहुतेकदा ड्रायव्हर किंवा रिफ्रेश रेट. म्हणजे खर्च नाहीच. सुरू होताना पडदा क्षणभर एकदा काळा होणं मात्र स्वाभाविक आहे.

मॉनिटर स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

आणि विकत घेताना, दुकानात आधीपासून चालू असलेल्या मॉनिटरवर भरवसा ठेवू नका. तो बंद करून पूर्ण गार होऊ द्या, मग तुमच्यासमोर चालू करायला सांगा.