कात्रजचे पाणी, पेशव्यांची बैठक : जळालेला शनिवारवाडा आज कसा पाहायचा?

पुणे : शनिवारवाड्यात गेलेल्या अनेकांचा एकच प्रश्न असतो, ‘आत बघायला काय आहे?’ महाल जळाले, सामान गेले, जोती उरली. तरीही वाडा समजून घेता येतो. त्यासाठी सुरुवात कात्रजपासून करावी लागेल.

वाडा कसा होता?
पहिल्या बाजीरावांनी १७३० मध्ये पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. भक्कम तट, दगडी जोती आणि त्यावर सागवानी खांब-तुळयांचे मजले, अशी रचना होती. फेब्रुवारी १८२८ मधील आगीत लाकूड जळाले, दगड राहिला. दिल्ली दरवाजावरच्या नगारखान्यात मात्र पेशवाईतील लाकूडकामाची कल्पना आजही येते.

आत फर्निचर कोणते?
आजच्या अर्थाने फारसे नाहीच. जाजम, गाद्या, लोड, तक्के आणि वर हंड्या-झुंबरे. बैठक मांडली की दालनाचा दरबार होई, उचलली की तेच दालन दुसऱ्या कामाला मोकळे. याचा पुरावा लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. चार्ल्स मॅलेट १७९०चा तह सवाई माधवरावांच्या दरबारात सादर करतो, तो प्रसंग थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये रंगवला. चित्रात कोरीव खांबांमध्ये दरबारी मंडळी जमिनीवर बसलेली आहेत, आणि इंग्रज पाहुणेही!

कात्रजचा संबंध काय?
नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी शहरात आणले. तलाव उंचावर, शहर खाली. त्यामुळे सुमारे आठ किलोमीटरचा प्रवास पाणी केवळ उतारावर करत असे. जमिनीखालचा नळ माणूस आत उतरू शकेल एवढा मोठा होता. हवा खेळावी आणि गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. हे पाणी वाटेतल्या हौदांतून पेठांतील लोकांना आणि शेवटी वाड्याला मिळे. वाड्यातले सोळा पाकळ्यांचे हजारी कारंजे आजही दिसते. ते उडायला पाण्याचा असा दाब लागतोच.

आज काय पणाला लागले आहे?
वाड्याच्या तटाला पहारा आहे. रस्त्याखालचा नळ मात्र कुणाला दिसत नाही. खोदकामात एखादा उच्छ्वास बुजला, तर आत उतरून गाळ काढण्याची वाट बंद होते. महाल आगीत गेले, ते परत येणार नाहीत. नळाचे जे भाग शाबूत आहेत, ते नकाशावर नोंदवून खोदकामाआधी तपासणे मात्र आपल्या हातात आहे.

पुढच्या वेळी शनिवारवाड्यात गेलात, तर आधी कारंज्यापाशी थांबा. वाड्याची एक भिंत कात्रजपर्यंत पोहोचलेली आहे, फक्त ती जमिनीखाली आहे.