सुईण, सूलगित्ती, मंत्रसानी
लेखमाला : बाळंतपणाची शुश्रूषा – लेखांक सहावा

सात रस्त्यापासून जवळच असलेल्या डफरीन चौकाचे नाव सोलापूरकरांच्या तोंडी इतके रुळले आहे की, त्याचा बाळंतपणाशी असलेला संबंध सहसा ध्यानात येत नाही. व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी १८८५ साली हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्रियांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी म्हणून जो निधी उभारला, त्याच्या उद्दिष्टांत स्त्री-डॉक्टरांबरोबरच शिकलेल्या परिचारिका आणि सुईणी तयार करणे हेही होते.

गिरण्या आणि हातमागांच्या या शहरात मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तीन भाषा नांदत असल्याने घरी येऊन बाळंतपण करणाऱ्या एकाच बाईला सुईण, सूलगित्ती आणि मंत्रसानी अशी तीन नावे आहेत. पोटावरून हात फिरवून मूल पायाळू आहे की काय हे ओळखणे, कळांच्या चढउतारावरून वेळेचा अंदाज बांधणे आणि बाळंतिणीचा धीर खचू न देणे ही तिची विद्या होती. मात्र नाळ कापण्याचे साधन निर्जंतुक नसल्यामुळे नवजात बाळांना धनुर्वात होई आणि अडलेल्या बाईला दवाखान्यात हलवण्यास उशीर होई, ही त्या व्यवस्थेची जीवघेणी उणीव होती व तिच्यावर पांघरूण घालणे योग्य नाही.

ती उणीव दवाखान्यातील बाळंतपणांनी बऱ्याच अंशी भरून काढली. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के प्रसूती संस्थांमध्ये होतात, पण त्याच पाहणीत सुमारे एक चतुर्थांश प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्याचेही दिसते. जागा बदलली तशी उशाशी बसणारी बाईही नाहीशी झाली, आणि हे नुकसान बाळंतपणाच्या चर्चेत फारसे मोजले जात नाही.

ते भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने २०१८ साली प्रसाविका सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ‘प्रसाविका’ हा शब्द परिचारिकांच्या पदनामात पूर्वीपासून आहे, परंतु व्यवहारात तीच बाई लसीकरण, नोंदवह्या आणि वॉर्ड सांभाळते. नव्या योजनेत प्रसूतिकक्षाचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत परिचारिकेने आणखी अठरा महिने केवळ हेच शास्त्र शिकावे आणि गुंतागुंत नसलेली प्रसूती स्वतःच्या जबाबदारीवर पार पाडावी, अशी अपेक्षा आहे. योगायोग असा की, त्याच वर्षी शेजारच्या कर्नाटकातील, हजारो बाळंतपणे केलेल्या सूलगित्ती नरसम्मा यांना पद्मश्री मिळाली.

या शिक्षणातला सर्वांत अवघड भाग म्हणजे हात आवरणे. गर्भाशयाचे तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा जुना दंडक जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सोडला आणि प्रसूतीचा सक्रिय टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरावा असे सांगितले. त्यामुळे कळा संथ आहेत एवढ्याच कारणाने त्या औषधाने वाढवण्याची घाई करण्याचे प्रयोजन उरत नाही. मधल्या काळात बाईला चालू द्यावे, पाणी प्यावयास द्यावे, आई किंवा बहीण जवळ असू द्यावी, आणि शेवटच्या कळा देताना तिला उताणे झोपवण्याऐवजी उकिडवे किंवा कुशीवर, जसे सोसेल तसे राहू द्यावे. टाके पडतील असा छेद सरसकट घेऊ नये. मात्र हे वाट पाहणे निष्क्रिय नसते. सक्रिय टप्प्यात दर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि कळा देण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी बाळाचे ठोके ऐकावे लागतात, आणि मिनिटाला ११० ते १६० ही मर्यादा ते ओलांडू लागले तर डॉक्टरांना बोलावण्यात क्षणाचाही संकोच चालत नाही. बाळ जन्मल्यावर नाळ किमान एक मिनिट तशीच ठेवली जाते, कारण तेवढ्या अवधीत वारेतले रक्त बाळाकडे जाते आणि पुढे रक्तक्षयापासून त्याचा बचाव होतो. वार पडताना रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून आईला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन मात्र न चुकता दिले जाते, आणि जुन्या मंत्रसानीच्या हाती नेमके हेच नव्हते.