आठ ताटं, एक पगार

आठ माणसांच्या घरात सकाळी मळलेला कणकेचा गोळा एका हातात मावत नाही. माणशी चार पोळ्या म्हटल्या तरी बत्तीस होतात. पोळीला तीसेक ग्रॅम पीठ धरलं तर एका वेळेलाच किलोभर पीठ संपतं. डाळ मात्र माणसांच्या हिशोबाने वाढत नाही. पातेल्यात तांब्याभर पाणी जास्त पडतं, वरून चिंचेचा कोळ आणि लसणीची फोडणी, आणि आमटी सगळ्यांना पुरते. शेवटी जेवायला बसणारी बाई उरल्या पोळीने पातेलं पुसून घेते.

मोठं कुटुंब स्वस्तात पडतं, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. खोलीचं भाडं, दिवा, चूल, मोठ्याचा शर्ट धाकट्याला, हे सगळं वाटलं जातं. भाकरी वाटली की मात्र लहान होते. भाडं वाटलं गेल्याने वाचलेला पैसा गरीब घरात तरी ताटात उतरायला हवा. अँगस डीटन आणि क्रिस्टिना पॅक्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ साली अमेरिकेपासून पाकिस्तानपर्यंतच्या कुटुंबांचे खर्च तपासले, तेव्हा उलटंच दिसलं. माणशी खर्च सारखा असला तरी मोठ्या कुटुंबात माणशी अन्नावरचा खर्च कमी होता, आणि तोही गरीब देशांत जास्त ठळकपणे. याचं सर्वांना पटेल असं उत्तर पुढेही मिळालं नाही.

मुंबईच्या गिरणगावात हा हिशोब शंभर वर्षांपूर्वीच कागदावर आला होता. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले. कुटुंबाची सरासरी मिळकत महिन्याला बावन्न रुपयांच्या आसपास. खर्चातले जवळपास ५७ टक्के अन्नावर, भाड्यावर आठ टक्क्यांहूनही कमी. निम्म्याहून थोडी कमी कुटुंबं कर्जात होती, आणि व्याजाचा नेहमीचा दर होता रुपयामागे महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. याच अहवालातली एक नोंद आजही वाचवत नाही: तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जितकं धान्य ठरवून दिलं होतं, त्याहून कमी धान्य गिरणीत राबणाऱ्या माणसाच्या पोटात जात होतं.

एवढ्या पगारात पाच-सहा मुलं वाढली ती कशी? काटकसरीने, असं उत्तर लगेच येतं. ते अपुरं आहे. गिरणगावातल्या कितीतरी बायकांनी खाणारी तोंडं कमी न करता वाढवली. कोकणातून, घाटावरून आलेले गडी बायकामुलांना गावी ठेवून एकेका गाळ्यात दाटीने राहत. त्यांना दोन वेळचं जेवण हवं असे. शेजारच्या खोलीतली बाई दहा-पंधरा जणांची खाणावळ घेई. मोठ्या पातेल्यात सगळ्यांची आमटी एकदम शिजे, जळण एकदाच जळे, आणि गड्यांच्या पैशांतून घरच्या पोरांचंही जेवण सुटे. जी गोष्ट घराला खड्ड्यात घालते, म्हणजे खाणारे जास्त आणि कमावणारा एक, तीच या बायकांनी मिळकतीची केली.

यात एक रकाना मात्र कुणीच भरला नाही. गिरणी पाळ्यांत चाले, त्यामुळे चूलही पाळ्यांत चाले. पहिल्या पाळीच्या गड्याला जेवण देण्यासाठी बाई पहाटे उठे, आणि दुपारपाळीचा गडी रात्री उशिरा परते तेव्हाही ताट वाढायला जागीच असे. घर स्वस्तात चाललं असं आपण म्हणतो तेव्हा तिच्या या तासांची किंमत शून्य धरलेली असते. मोठ्या कुटुंबांबद्दल कौतुकाने बोलणाऱ्यांनी हे आधी मान्य करायला हवं.

शिवाय गडी पैसे देणार पगार झाल्यावर, आणि वाण्याकडचं धान्य मात्र रोज लागणार. मधले दिवस उधारीवर किंवा सावकाराच्या पैशावर निघत, आणि तिथेच कमाई झिरपून जाई. गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या, पुढे कामगार चळवळीत आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी हे हेरलं. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि तारण ठेवायला काहीच नसलेल्या खाणावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. जेवणारे गावी परतू लागले तशा खाणावळीही ओस पडल्या.

आज मोठ्या घराचा आधार आहे रेशनकार्ड. त्यातही माणसं मोजण्याची एक चूक शिल्लक आहे. महाराष्ट्रात रेशनच्या धान्यासाठी ‘प्राधान्य कुटुंब’ ठरवताना शहरासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ठेवली गेली ५९ हजार रुपये, आणि ती अख्ख्या कुटुंबाला. तिघांच्या घरात याचे माणशी महिना सुमारे १,६४० रुपये होतात, आठांच्या घरात जेमतेम ६१५. तरी तिघांचं घर ५९ हजारांवर यादीत बसतं आणि आठांचं घर ६० हजारांवर बाहेर पडतं. ही मर्यादा माणशी हवी. अन्नसुरक्षा कायदा धान्य माणशी देतो, मग उत्पन्न कुटुंबाचं का मोजायचं?

धान्यातही एक अपवाद आहे, आणि तो नेमका सर्वांत गरिबांच्या वाट्याला आला आहे. प्राधान्य कुटुंबाला २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना पाच किलो मिळतं, म्हणजे दिवसाला सुमारे १६६ ग्रॅम, पाच-सहा पोळ्यांचं. अंत्योदय कार्डाला घरटी ३५ किलो. घरात दोघं असतील तर ते भरपूर होतं, सात असतील तर बरोबरीत येतं. आठवं बाळ जन्मलं, आईने दाखला नेऊन कार्डावर नाव चढवलं, तरी पुढच्या महिन्यात दुकानाच्या काट्यावर पस्तीसच किलो येतं.