बँडच्या मजुरीचा हिशेब

आपल्याकडे वरातीत बँड वाजतो. अमेरिकेत विद्यापीठांचे स्वतःचे बँड असतात. तिकडच्या फुटबॉलचा सामना असला की शेकडो मुले-मुली एकसारखा पोशाख घालून मैदानात उतरतात आणि चालता चालता वाजवतात.

हे वाजवणारे विद्यार्थी बहुधा नोकर धरले जात नाहीत. ती त्यांची हौस, शिक्षणाचाच एक भाग. पण ढोल गाडीतून कोण उतरवणार? पोशाख मोजून कोण देणार? सुरांचे कागद कोण वाटणार? या कामाला एखादा विद्यार्थी तासाच्या मजुरीवर ठेवतात. तो विद्यार्थी-मदतनीस. महाराष्ट्रातून तिकडे शिकायला गेलेली मुलेही विद्यापीठात अशी लहानमोठी कामे करून खर्चाला हातभार लावतात.

आता असे समजा, की एका मदतनिसाला सामन्याच्या दिवशी चारच तासांची मजुरी मिळाली. तो बँडमास्तरांकडे गेला.

“अरे, सामना तर चारच तास चालला. बाकीचे तास कसले?”

“सर, सकाळी दोन तास सामान लावलं. संध्याकाळी दोन तास आवरलं. ते कोण धरणार?”

मुलाचे म्हणणे बरोबर आहे. सांगितलेले काम सामन्याआधी केले काय नि नंतर केले काय, ते कामच. त्याचे दाम मिळालेच पाहिजे.

अमेरिकेत मजुरीचा मोठा कायदा 1938 साली झाला. तेव्हा कमीत कमी मजुरी तासाला 25 सेंट, म्हणजे पाव डॉलर होती. 2009 पासून देशभराचा हा दर सव्वासात डॉलर आहे. काही राज्यांत तो याहून जास्त आहे. आपल्या मुलाला सव्वासात डॉलरच मिळतात असे धरू. रोजचे चार तास बुडाले. सामने झाले सहा. म्हणजे 24 तास. 24 गुणिले सव्वासात, झाले 174 डॉलर. एवढी त्याची बाकी.

पण पुरावा काय? इथे वही कामाला येते. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि केलेले काम, एवढे रोजच्या रोज लिहावे.

कामाच्या तासांची नोंद ठेवणे हे खरे तर मालकाचे काम. त्याने ती नीट ठेवली नाही तर? मिशिगन राज्यात माउंट क्लेमेन्स गावी चिनी मातीच्या भांड्यांचा कारखाना होता. तिथल्या कामगारांचा खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 1946 साली न्यायालयाने सांगितले: मालकाची नोंद अपुरी असेल, तर मिनिटामिनिटाचा हिशेब कामगाराकडे मागू नये. कामगाराने पटण्याजोगा पुरावा द्यावा. तो खोटा असेल, तर तसे मालकाने दाखवावे.

मग मागणी कशी करावी? आधी भांडू नये. तासांचा तक्ता करून बँडमास्तरांना लेखी द्यावा. नक्कल आपल्याजवळ ठेवावी. तिथे निकाल लागला नाही, तर विद्यापीठाच्या पगार कचेरीत जावे. तिथेही दाद लागली नाही, तर सरकारच्या मजूर खात्याकडे तक्रार करावी. तक्रारीला पैसा पडत नाही. तक्रार केली म्हणून कामावरून काढणे हा कायद्याने गुन्हा आहे. मात्र फार थांबू नये. या कायद्याखाली दावा करायची मुदत दोन वर्षांची. जाणूनबुजून मजुरी बुडवली असेल, तर तीन वर्षांची.

बहुतेक वेळा कचेरीतच तडजोड होते. तेव्हा एक सांभाळावे. पुढे आलेला कागद वाचल्याशिवाय सही करू नये. हातात शंभर डॉलर आले आणि कागदावर “सर्व बाकी मिळाली” असे असेल, तर उरलेले 74 डॉलर त्या सहीबरोबर जाऊ शकतात. आधी आकडा वाचावा, वहीशी ताडून पाहावा, मगच सही करावी.

मजुरी ढोल उचलण्याची असो की शेत खुरपण्याची, वही दोन्हीकडे लागते. तुम्हाला आता लिहिता येते. आजचे तास आजच लिहून ठेवा.