सातबाऱ्यातला फॅमिली ट्री

पणजोबांचं नाव सांगा, पटकन! आलं? आता त्यांच्या वडिलांचं? इथे बहुतेकांची गाडी अडते. एटीएमचा पिन, बॉसचा बर्थडे, तीन-तीन पासवर्ड सगळं पाठ असतं, पण चौथ्या पिढीला आपली मेमरी फुल्ल! मग कुणी डीएनए टेस्टचं किट मागवतं, कुणी फॅमिली ट्रीचं सॉफ्टवेअर डाउनलोड करतं. माझा फंडा साधा आहे. पूर्वज शोधायचेत ना? मग त्यांची जमीन शोधा. राजे-सरदार सोडले तर साध्या माणसाचं नाव जुन्या कागदावर चढायचं ते बहुतेक वेळा सारा भरताना, नाहीतर भावाभावांत वाटणी होताना.

वेल्सचा बिछाना

या बाबतीत वेल्सची मंडळी भारी आहेत. इंग्लंडला चिकटलेल्या या छोट्याशा देशात मध्ययुगात ‘सगळं थोरल्याला’ असा मामला नव्हता. बापाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जायची. एका मूळ पुरुषाच्या वंशजांचा जो गट जमीन धरून असायचा, त्याला म्हणत ‘ग्वेली’. या शब्दाचा साधा अर्थ बिछाना! घराण्याकडे चार पिढ्या जमीन टिकली की हक्क पक्का. म्हणजे पूर्वजांची नावं पाठ असणं ही हौस नव्हती, पोटापाण्याचा प्रश्न होता. १३३४ साली तिथल्या डेन्बी भागाची पाहणी झाली, तेव्हा कोणत्या ग्वेलीत कोण कोण आहे याची नोंद झाली. घराणी शोधणाऱ्यांना ती आजही कामाला येते.

ओळखीचं वाटतंय? वाटणारच. साधारण इ. स. ११००च्या सुमारास चालुक्यांच्या कल्याणी राजधानीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगा, नातू, पणतू यांचा जन्मापासून वाटा, असं त्यातून आलेला कायदा सांगतो. मूळ पुरुष धरून मोजा, पिढ्या चारच!

आणि आपल्याकडेही जमिनीला घराण्याचं नाव असायचंच. देशावरच्या जुन्या गावांत मिरासदारांच्या जमिनीला ‘थळ’ म्हणत आणि ते मूळ घराण्याच्या नावाने ओळखलं जाई. घराणं संपलं तरी थळाचं नाव राहायचं, अशा जमिनीला म्हणायचे ‘गतकुळी’. वतनावरून भांडण लागलं की गावसभेत महजर व्हायचा. त्यावर पाटलाची सही म्हणजे चक्क नांगराचं चित्र. आजच्या डिजिटल सिग्नेचरपेक्षा कितीतरी देखणं!

महागाव, व्हाया वाशीम

आमचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात. कापूस, तूर, सोयाबीन, आणि दक्षिणेला पैनगंगा. आजोबा गेल्यावर वारस नोंदीचं काम निघालं, तेव्हा सुट्टी टाकून मीही बाबांबरोबर गेले. काम होतं सातबाऱ्याचं, मला नाद लागला मागच्या कागदांचा.

सिस्टीम सोपी आहे. सातबाऱ्यावर फेरफाराचा नंबर असतो. तो फेरफार काढला की जमीन कुणाकडून कुणाकडे आली ते कळतं. त्याच्या मागे त्याआधीचा फेरफार. जिन्याच्या पायऱ्या उतरत जावं तसं आपण पिढ्या उतरत जातो. आमच्या जुन्या कागदांच्या डोक्यावर राज्य म्हणून ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ आणि तालुका म्हणून ‘पुसद’. त्याहून जुनं हवं असेल तर मामला आणखी मजेशीर होतो. १९०५पर्यंत पुसद तालुका यवतमाळमध्ये नव्हताच, तो वाशीम जिल्ह्यात होता! त्या वर्षी वाशीम जिल्हा मोडला आणि पुसद इकडे आला. म्हणजे पूर्वज जागेवरच होते, फक्त जिल्हा बदलला.

त्याच्याही मागे १८५३. त्या साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि १८६१पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर इथे पैमाइश सुरू झाली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, नंबरासमोर कसणाऱ्याचं नाव आलं. त्याआधीचा कारभार देशमुख, देशपांडे, पाटील आणि पटवारी या वतनदारांच्या दफ्तरात, बराचसा मोडीत. ‘मोडी कशाला शिकायची?’ असं कुणी विचारलं तर २०२३ आठवा. कुणबी नोंदी शोधायला शासनाने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला.

नाव कमी केले

पण या सगळ्या कागदांत एक मोठी गोची आहे. त्यात सापडतात ते जमीन असलेले, आणि त्यांच्यातले मुलगे. ज्यांना जमीनच नव्हती, त्यांच्यासाठी आमच्याकडे कोतवाल बुक कामाला येतं. गावातल्या जन्म-मृत्यूची ही जुनी नोंदवही, बापाचं नाव आणि जात लिहिलेली. बंजारा तांड्यांवरच्या वंशावळी भाटांच्या तोंडी राहिल्या. आणि बायका? पैनगंगेपलीकडच्या माहूरची देशमुखीण सावित्रीबाई, म्हणजे रायबागन, इतिहासात राहिली. नवऱ्यामागे तिने वतन सांभाळलं आणि १६६१च्या उंबरखिंडीत ती मोगली फौजेबरोबर होती. साध्या घरातल्या बाईला कुठलं वतन?

आजोबांच्या फेरफारात आजी, बाबा, काका आणि दोन्ही आत्या, अशी पाच नावं वारस म्हणून लागली. थोड्याच दिवसांत दुसरा फेरफार : हक्कसोडपत्रानुसार आजी व दोन्ही आत्यांचं नाव कमी केले. मागे गेले तर पणजोबांच्या बहिणींचंही तेच. आमच्या घरातल्या बायका कागदावर येतात त्या एकदाच, हक्क सोडायला! आजीला विचारलं तर म्हणाली, “माह्यं नाव कायले राहीन पोरी? मी का जमीन घेऊन आली होती?” थोरली आत्या एवढंच म्हणाली, “माहेर तुटू नये म्हणून सही केली.”

कायदा केव्हाच पुढे गेलाय. महाराष्ट्राने १९९४मध्ये आणि केंद्राने २००५मध्ये मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा दिला. २००५ला वडील हयात नसले तरी हा हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०२०मध्ये स्पष्ट केलं. मी बाबांना सांगून ठेवलंय, माझ्या वेळी सही मागू नका. शेती कसायला मी येणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. पण उद्या माझी पणती शोधायला बसली तर तिला मी सापडायला हवी. बाबा हसले, पण ‘नाही’ म्हणाले नाहीत.

करून बघा!

* आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना गाठा. गाव, तालुका, शेताचं बोलीतलं नाव लिहून घ्या.
* सातबारा महाभूलेखवर बघा आणि फेरफार नंबरांची साखळी धरा. काही जिल्ह्यांचे जुने कागद ‘आपले अभिलेख’ पोर्टलवर आहेत, बाकीच्यांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा.
* तुमचा तालुका पूर्वी कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या राज्यात होता ते तपासा.
* विदर्भातले असाल तर कोतवाल बुक आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर विसरू नका.
* आणि आजीला तिच्या आईचं, तिच्या आजीचं नाव विचारा. हे कुठल्याही रेकॉर्ड रूममध्ये मिळणार नाही, आणि आजीही कायम असणार नाही. या वीकएण्डलाच फोन लावा!